मितवल्लीचं मुंडासं

आमच्या कालव्याकाठच्या गावात वहीबाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की म्हशीसुद्धा वाट सोडतात. पण त्या दुपारी ती नवऱ्याला, मितवल्लीला, गाढवाच्या गाडीतून इस्पितळात घेऊन आली तेव्हा तिला शब्द फुटत नव्हता. कापसावर कीटकनाशक फवारताना पाठीवरची टाकी गळली होती. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मी तिथली नर्स, तिच्याच गावची.

आम्ही त्याचे कपडे उतरवले, साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. डॉक्टर समीहनी विषावरची, ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली. लाळ थांबली, श्वास मोकळा झाला. मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात पुन्हा फेस. औषध वाढवलं, जरा उतार पडला, परत तेच.

"धुतलंय ना नीट? मग विष येतंय कुठून?" डॉक्टर वैतागले.

मी उशी सारखी करायला वाकले आणि फवारणीच्या विषाचा वास आला. डोक्याला त्याचंच मुंडासं, ओलंचिंब. आमच्याकडे पुरुषाचं डोकं बांधलेलंच असतं, म्हणून कुणाच्याच डोळ्यांना ते खुपलं नव्हतं.

"हे पुन्हा कुणी बांधलं?" मी विचारलं.

"मी," वहीबा म्हणाली. "परक्या बायकांत बोडका पडला होता. त्याचं उघडं डोकं माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही."

"अगं वहीबा, त्याची अब्रू वाचवतेस की जीव घेतेस? यातूनच विष मुरतंय."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी मुंडासं सोडून फेकलं, त्याचं डोकं आणि तिचे हात पुन्हा खसाखसा धुतले. मग तिनं स्वतःची काळी ओढणी काढली आणि त्याच्या डोक्याला गुंडाळली. ओढणीशिवाय दारात भाजी घ्यायलाही न येणारी ती बाई, नुसत्या रुमालानं केस बांधून सगळ्या पुरुषांसमोर उभी राहिली.

संध्याकाळी त्याच्या छातीतली घरघर थांबली, आणि इंजेक्शनांनी तोंडही कोरडं पडलं. त्यानं डोकं चाचपलं.

"वहीबा, मला बाई कुणी केलं?"

"गप पड. जीभ वाळली तरी वळवळ जात नाही."

एवढं बोलून ती ढसाढसा रडली.

आता शेतात कुणी फवारताना पडलं की इस्पितळात न्यायला गाडी यायच्या आधी वहीबा पोचते. घरचे लाजले तर ओढणी सोडत म्हणते, "आधी मुंडासं काढा. अब्रूसाठी ही आहे."