सायीच्या गालावरचा कोको

पार्लर थोरल्या जावेचं होतं आणि वरच्या मजल्यावरची खोलीही तिचीच. धाकटी सकाळी नऊला खाली उतरायची, संध्याकाळी सातला वर चढायची. मधल्या अठरा पायऱ्या हाच तिचा काय तो प्रवास. गिऱ्हाईक बायका तिला 'साय' म्हणत. हे नाव पडलं कोकोच्या लेपामुळे.

त्याआधी तिचा चेहरा कुणाच्या डोळ्यात भरावा असा नव्हता. दिवसभर गरम पाण्यात हात आणि तोंडावर ड्रायरची झळ. गाल खरखरीत, बोटांच्या पेरांवर भेगा. थोरलीनं कोकोच्या अर्काची भुकटी, कोको बटर आणि चार थेंब सुगंध घालून घरच्या घरी लेप बनवला, तेव्हा पहिला प्रयोग अर्थातच धाकटीवर झाला. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. महिन्याभरात भेगा भरल्या, गाल दुधावरच्या सायीसारखे मऊ झाले. थोरलीनं लगेच फोटो काढला, हातभर मोठा करून घेतला आणि दर्शनी काचेत लावला. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'वय दहा वर्षांनी कमी!' बायका आधी फोटो बघत, मग आत येऊन सायीचा गाल बघत आणि डबी घेऊन जात.

थोरली दुष्ट होती असं मुळीच नाही. आईविना राहिलेल्या दिराला तिनंच लहानाचा मोठा केला होता. सायीला कात्री धरायलाही तिनंच शिकवलं. म्हणूनच तिच्यापुढे 'नाही' म्हणायचं झालं की सायीची जीभ टाळ्याला चिकटायची.

तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. मग जबड्याखाली लाल चट्टे उठले आणि त्यांना अशी खाज सुटली की केस कापता कापता ती खांद्यावर हनुवटी घासू लागली.

"ताई, आग होतेय हो."

"अगं, आतली घाण बाहेर पडतेय. पहिलं पहिलं असंच होतं."

"पहिलं पहिलं कुठलं? तिसरा महिना लागला."

"मग जुनी घाण असेल," थोरली म्हणाली. "वरून पावडर थाप जराशी. बायका येतील आता."

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "वहिनीचं मन मोडू नकोस. एवढ्या तेवढ्यावरून घरात कटकट नको." त्याच्या लेखी विषय संपला.

शेवटी दुपारी 'दाताला दाखवून येते' अशी थाप मारून ती चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिनं सोबत नेलेला डबीतला लेप, नुसता अर्क आणि नुसतं बटर असं वेगवेगळं तिच्या पाठीवर चिकटवलं आणि दोन दिवस पाठीला पाणी लावू दिलं नाही. पट्ट्या काढल्या तर लेपाखालची आणि अर्काखालची जागा टोमॅटोसारखी लाल.

"कोको वाईट नाही," बाई म्हणाल्या. "कोरड्या कातडीला त्याचं बटर चांगलं मऊ ठेवतं. अर्काचेही थोडे फायदे सांगतात, पण वय कमी होतं म्हणणं म्हणजे निव्वळ फेकाफेक. बटर दाट असतं, काहींच्या चेहऱ्यावर त्यानं छिद्रं बुजतात, म्हणून तुमच्या पुटकुळ्या. आणि अर्क फार थोड्यांना सोसत नाही. त्या थोड्यांत तुम्ही."

"मग आता?"

"बंद करा. दुसरं काय?"

बंद करा! जणू नळच होता तो. सायीनं घरी येऊन सगळं खरं सांगितलं. थोरलीनं हातातल्या डबीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "बरं, नको लावूस. पण चट्टे जाईपर्यंत पुढे येऊ नकोस. मागच्या खोलीत लेप घोटत बस."

त्या खोलीला खिडकी नव्हती. हातमोजे घातले तरी अर्काची भुकटी हवेत उडायची, पापण्यांवर बसायची. पडद्यापलीकडून रोज तोच प्रश्न ऐकू यायचा, "साय कुठंय?" आणि तेच उत्तर, "माहेरी गेलीय." माहेर नऊ पावलांवर!

एकदा तिनं चौकापलीकडच्या दुसऱ्या पार्लरात काम विचारलं. तिथली मालकीण तोंडभर हसली. "तुम्ही त्या फोटोतल्या ना? उद्यापासून या. येताना तेवढी लेपाची कृती आणा, म्हणजे झालं." साय आल्या पावली परत फिरली.

मग एक दिवस वाचनालयातल्या बाई आल्या. त्यांच्या कोपरावर जुना इसब. "फोटोतल्या हिच्यासारखे गाल व्हायला दोन डब्या पुरतील ना?" त्या विचारत होत्या. पडद्यामागे सायीचा हात थांबला. ती होती तशी, चट्ट्यांसकट, बाहेर आली.

"बाई, आधी दंडाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा लावा. दोन दिवस थांबा. मी थांबले नाही, हे बघा."

बाई डबी घेऊन गेल्या, आणि त्यांच्यामागे दार लागताच थोरली कडाडली, "माझ्याच दुकानात माझ्या पायावर धोंडा?"

"तुमच्या नाही, ताई. त्या बाईंच्या तोंडावर पडणार होता तो."

तिसऱ्या दिवशी बाई दंड दाखवायला आल्या. टिकलीएवढा लाल डाग. "तोंडावर लावला असता तर?" एवढंच त्या बोलल्या. थोरलीनं डबी परत घेतली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झाकणावर चिठ्ठी आली : आधी दंडावर लावून पाहा. 'दहा वर्षांनी कमी' मात्र तिनं काही पुसलं नाही.

सायीनं केसांचं काम मागून घेतलं, पुढच्या खुर्चीपाशी. लेप आता थोरली स्वतः घोटते, पण दुकान एकच, हवाही एकच. मागचा पडदा हलला की सायीच्या पापण्या चुरचुरतात.

"मी दुसरीकडे काम बघू का?" परवा तिनं नवऱ्याला विचारलं.

"आणि राहायचं कुठे?" तो म्हणाला.

तिनं तोंडावर गार पाणी मारलं आणि खाली गेली. खुर्चीत एक बाई केस मोकळे सोडून केव्हाची बसली होती.