विहिरीत सोडलेले नळ

आमच्या नळयोजनेचा इतिहास फार मोठा नाही. मी शाळेत होतो तेव्हा टेकाडावर टाकी बांधली, पण तिच्यात पाणी काही आलं नाही. सावलीला शेळ्या बसायच्या, तेवढाच उपयोग. मग दर उन्हाळ्यात टँकर यायला लागला. तो खालच्या पाड्यावरच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि दोन्ही पाडे तिथून शेंदून न्यायचे. यंदा धरणावरून पाइपलाइन आली, टाकीची डागडुजी झाली, दारोदार नळ बसले आणि पंप चालवायचं काम मी मागून घेतलं.

मागून घेतलं ते आईसाठी. आमचं घर वरच्या पाड्याच्या अगदी टोकाला. गेल्या उन्हाळ्यात हंडा घेऊन चढताना ती घसरली आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात पहिला जोर आला नाही. तरी ती विहिरीवर जातच राहिली. सुनेला एकटीला पाठवणं तिच्या जिवावर यायचं.

पहिल्या दिवशी सकाळी टाकी भरून मी व्हॉल्व्ह खोलला आणि घरी येऊन नळापाशी उभा राहिलो. थेंब नाही. तासाभराने टाकीत डोकावलो तर निम्मी रिकामी! पाइप फुटला असणार, दुसरं काय. ठेकेदाराची माणसं कालच सामान बांधून गेली होती. ती आता पावसाळ्यानंतरच उगवणार. म्हणजे ये रे माझ्या मागल्या! मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने नुसती चुंबळ उचलली. 

मी चरफडत पाइपच्या कडेने उतरलो. कुठे ओल नाही, चिखल नाही. खालच्या पाड्यावर पोचलो आणि कपाळाला हात लावला. विहिरीभोवतालच्या प्रत्येक नळाला रबरी नळी बांधलेली, आणि सगळ्या नळ्या विहिरीत सोडलेल्या. बायका काठावर उभ्या राहून तेच पाणी दोराने शेंदत होत्या.

"दारात नळ दिलाय तर विहीर कशाला भरता? डोकी ठिकाणावर आहेत का?" मी ओरडलो.

एक म्हातारी काकी दोर न सोडता म्हणाली, "दारातला पानी ज्याचा त्याचा, पोरा. हिरीतला सगळ्यांचा."

"सगळ्यांचा? वरच्या पाड्यावर थेंब नाही पोचला!"

सगळ्यांचे हात थांबले. "मंग आधी सांगाचा ना!" काकी उलट माझ्यावरच खेकसली आणि पदर खोचून नळ बंद करत सुटली. बाकीच्या तिच्या मागे.

मी धावत चढ चढलो. निम्म्या वाटेत आई भेटली, रिकामा हंडा घेऊन उतरत होती. हंडा काढून घेतला आणि तिला परत फिरवली.

नळ आधी नुसताच फुसफुसला. मग गढूळ पाणी आलं, आणि मग स्वच्छ धार. माझा जीव भांड्यात पडला. आईने हंडे भरले, पातेली भरली, तांब्यासुद्धा भरला. भरायला काही उरलं नाही तेव्हा ती गोंधळून पडवीत बसली.

"मंग आता दुपारची मी काय करू?"

"नीज," मी म्हटलं.

तिला ती थट्टा वाटली. पण थोड्या वेळाने ती तिथेच आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. माझं लग्न झालं, मला पोरं झाली, पण आईला भरदिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. मी बायकोला हळूच म्हटलं, भांडी वाजवू नकोस.