व्हायोलिनवालीची करंगळी

'ग्रँड' हा शब्द मला आता ऐकवत नाही. डब्लिनच्या एका हॉस्पिटलात मी हातांची फिजिओथेरपिस्ट आहे. बोट सुजून गाजर झालं असलं तरी इथला पेशंट म्हणणार, ग्रँड, म्हणजे एकदम ठीक! पण त्या फ्रेंच बाईंनी या शब्दाचा जो छळ केला, तो कुणीच केला नाही.

बाई साठीच्या, व्हायोलिन शिकवणाऱ्या. अ‍ॅव्होकाडो कापताना सुरी निसटून डाव्या करंगळीच्या मुळाशी घुसली. बोट वाकवणारा दोर, म्हणजे टेंडन, तुटला. सर्जनने तो शिवला आणि बाई माझ्याकडे आल्या. हाताला प्लास्टिकचा स्प्लिंट, मी सांगेन तेवढेच हलके व्यायाम आणि तीन महिने व्हायोलिन बंद.

"करंगळीच तर आहे, होईल बरी," मी पहिल्या दिवशी धीर द्यायला म्हणाले.

"करंगळीच तर?" बाई उसळल्या. "हिला तारेवर उभं करायला मी लहानपणी किती रडले, माहितीये?"

मग व्यायाम करता करता त्यांनी सगळं सांगितलं. लिऑनजवळचं छोटं गाव, वडील रेल्वेत. पुढे आणखी तीन वादकांबरोबर त्यांनी ग्रुप काढला आणि एका जुन्या गाडीतून गावोगाव कार्यक्रम केले. त्यातला चेलो वाजवणारा सोडून गेला आणि ग्रुप फुटला. तेव्हा एका सीझनपुरत्या त्या इथल्या ऑर्केस्ट्रात आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि राहिल्या. कायम मागच्या रांगेत. नवरा गेल्यावर उरले ते विद्यार्थी.

महिनाभराने हात सुजलेला दिसला.

"ग्रँड आहे," त्या म्हणाल्या.

"वाजवलंत?"

"वाजवलं नाही. दाखवलं. एका मुलीची परीक्षा आहे. ती करंगळी आडवी ठेवते. एकदाच स्प्लिंट काढला."

"दाखवणं म्हणजे वाजवणंच! किती वेळा सांगू?"

"तुम्ही हात न लावता शिकवता का?"

त्यांचा हात तेव्हा माझ्या हातात होता. मी रागारागाने स्प्लिंट घट्ट बांधला.

पुढच्या आठवड्यात त्या ठरलेल्या दिवसाआधीच आल्या. करंगळी सरळ, काडीसारखी. वाकवा म्हटलं तरी वाकेना. आदल्या दिवशी शिकवताना आत काहीतरी कट् झालं होतं. शिवलेला टेंडन पुन्हा तुटला होता. मी सर्जनला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता आणि बाई खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत बसल्या होत्या.

दुसरं ऑपरेशन झालं. यावेळी त्यांनी सगळं ऐकलं, अक्षरशः सगळं. त्याचा उपयोग झाला नाही. आत सगळं चिकटलं होतं. मी महिनोन् महिने चोळलं, वाकवलं, मेण लावून शेकलं. बोट अर्ध्यावर येऊन थांबायचं ते थांबायचंच. इतकी मेहनत घेऊन हात रिकामे राहिले की मला घरी जाऊन कुणाशी बोलावंसं वाटत नाही. बाईंवर चिडावं तर त्यांचा चेहरा आठवायचा आणि मग चिडायलाही जागा उरायची नाही.

शेवटच्या भेटीत मी करंगळी वाकण्याचा कोन मोजला. मागच्या वेळेइतकाच.

"लिहा," बाई म्हणाल्या, "सुधारणा नाही."

"शिकवणार कसं?"

"तीन बोटांनी. आणि ओरडून."

त्यांनी पर्समधून हातमोजा काढून डाव्या हातात घालायला घेतला. बाकीची बोटं सहज आत गेली. करंगळी तेवढी उजव्या हाताने धरून आत सरकवावी लागली. मी मदतीला पुढे झाले, तर मान हलवून नको म्हणाल्या.

"चार वाजता क्लास आहे," म्हणत त्या निघून गेल्या.