मार्कसमामांची चौथी तार

मार्कसमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. हातातलं वांगं हातातच राहिलं... रडू नंतर आलं. संताप आला तो तीन आठवड्यांनी, श्रीरामपूरला त्यांच्या स्मरणसभेत, आणि तो अजून उतरलेला नाही.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ, भूमितीचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी बॅरिटोन युकुलेली हाती घेतली. दिसायला छोटी गिटार, पण तारा सहाऐवजी चारच. "मास्तर, बाकीच्या दोन कुठं गेल्या?" असं कुणी विचारलं की मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "रजेवर आहेत."

चाल आणि साथ दोन्ही एकट्यानंच वाजवायची, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी जाड चौथी तार काढून तिथे बारीक तार बसवली आणि ती एक सप्तक वर लावली. चालीतले निम्मे सूर त्या तारेवर! कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं, ते चार रेघांच्या वहीत आकड्यांनी लिहिलेलं. तार अशी लावायची, एवढंच लिहिलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकच होतं की!

आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख योहानराव. सभेसाठी त्यांनी ती 'चुकीची' तार काढली, जाड बसवली आणि मोबाईलमधलं सूर तपासणारं ॲप समोर धरून सगळं 'बरोबर' लावलं. हिरवा दिवा लागला की सूर लागला, अशी यांची श्रद्धा! मग वहीतलं, मामांनी मामींसाठी बसवलेलं त्यांच्या लग्नातलं गाणं वाजवायला घेतलं. चाल दोन पावलं टाकायची आणि धप्पकन विहिरीत पडायची. मागच्या बाकावर कुजबुज झाली, "शेवटी शेवटी मास्तरांचं डोकं चालत नव्हतं वाटतं." डोकं? एकेक सूर प्रमेयासारखा तपासणाऱ्या माणसाचं? मी उठलोच होतो. मामींनी बाही ओढली. "बस खाली. उद्या घरी आन योहानला."

दुसऱ्या दिवशी योहानरावांदेखत, मामींसमोर मी ती बारीक तार परत चढवली. त्या डोळे मिटून सांगत होत्या, "वर घे... आजून... आरं भितो काय, तुटंल तर तुटंल!" आणि मग, "हां."

योहानरावांनी वही उघडून वाजवलं. मामांचा एक आकडा चुकलेला नव्हता! त्यांचे कान लाल झाले. मी रात्रभर घोकलेलं भाषण सुरू करणार, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "योहान, पळू नको. तिसऱ्या ओळीला ते थांबायचे... माझ्याकडं बघायचे."

योहानराव पुन्हा वाजवू लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. मामींकडे बघायचं धाडस मात्र आम्हा दोघांनाही झालं नाही.