पहिल्या रांगेतला तंबोरेवाला

महायुद्धाच्या दिवसांत सांगलीत कुठेही गाणं असलं, की तंबोरे दुरुस्त करणारा एक कारागीर पहिल्या रांगेत असे. गाणं आवडलं की डोळे मिटी. नाही आवडलं तर तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवायचा जवारीचा दोरा खिशातून काढून बोटाला गुंडाळत बसे.

मी स्वतः चाली लावलेली नवी भावगीतं दोन व्हायोलिनं, पेटी आणि क्लॅरोनेटच्या साथीने पहिल्यांदा गायलो, तेव्हा दोरा लवकरच निघाला. दुसऱ्या कडव्याला तो उठून थेट बैठकीवर आला. भारावून पाया पडायला आला असणार, म्हणून मी गाता गाता मांडी सोडून एक पाय पुढे केला.

त्याने माझ्यामागे वाजणारा तंबोरा घेतला, कान लावून चारही तारा छेडल्या आणि परत दिला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “आवं, तंबोरा बराबर हाय. चालू द्या तुमचं.”