चौथी वळकटी

समीक्षाला महाडच्या कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी हवी होती, आणि ती मिळेल याबद्दल तिला फारशी शंका नव्हती. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ती पहिली एमएस्सी. निघताना वडील गोमाजी एवढंच म्हणाले, "फळ्याशीच बोलत नको राहू गो. मागं पोरं हायत."

निवडीसाठी खरा वर्ग, वीस मिनिटं आणि शेवटच्या बाकावर प्राचार्य. विषय आयनीभवन ऊर्जा.

"अणूचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागते ती ऊर्जा," समीक्षानं सुरुवात केली. गणात खाली जावं तसा तो केंद्रकापासून लांब जातो, म्हणून लिथियमपेक्षा सोडियमचा सहज सुटतो. आवर्तात उजवीकडे केंद्रकाची ओढ वाढते, म्हणून ऊर्जा चढत जाते. तिनं कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचे आकडे लिहिले: १०८६, १४०२, १३१४.

दुसऱ्या बाकावरची रेश्मा म्हणाली, "मॅडम, चढत जाते म्हणालात. ऑक्सिजन तर उतरला."

वर्ग हसला. प्राचार्यांनी पेन उचललं.

समीक्षानं पुस्तकी उत्तर दिलं: अर्धे भरलेले कक्षक, जास्त स्थैर्य. रेश्मानं ते लिहून घेतलं, पण चेहरा कोराच. आपण फळ्याशीच बोललो, हे समीक्षाच्या ध्यानात आलं. चार मिनिटं उरली होती. तिनं खडू ठेवला.

"मुंबईत कोणाच्या वाडीनं मिळून गावकीची खोली घेतलीय?"

अर्ध्या वर्गाचे हात वर.

"माझे बाबा राहिलेत तशा खोलीत. तीन भिंतींना तीन वळकट्या, एकेक माणूस. चौथा आला तर?"

"कोणाच्या तरी वळकटीत घुसणार," एक मुलगा म्हणाला. "माझा काका म्हणतो, नुसतं सरक रे, सरक रे."

"मग खोली सोडून आधी कोण जाईल?"

"त्या दोघांतलाच एक," रेश्मा म्हणाली. "बाकीचे कशाला हलतील?"

"नायट्रोजनच्या तीन जागांत तीन इलेक्ट्रॉन एकेकटे," समीक्षा म्हणाली. " ऑक्सिजनात चौथा आला. केंद्रकाची ओढ वाढली खरी, पण एका जागेतले दोघे एकमेकांना ढकलतात, म्हणून एक सहज सुटतो."

रेश्माचं बोट आवर्तसारणीत एक ओळ खाली सरकलं. "मग फॉस्फरसनंतर गंधकपण उतरणार."

"पुस्तकाच्या मागं आकडे आहेत. बघ तू."

तिनं पानं उलटली. "एक हजार बारा. एक हजार. उतरला."

घंटा झाली. जाताना प्राचार्य म्हणाले, "सोमवारी साडेसातचा तास तुमचा. फ्लोरिनपासून पुढं घ्या."

एसटी स्टँडवरून तिनं घरी फोन लावला.

"बाबा, नोकरी झाली. तुमची गावकीची खोली सांगितली वर्गात. तुमच्या वळकटीत कोण घुसलेलं?"

"माझ्या नाय गो, मीच सयाजीच्या," गोमाजी म्हणाले. "म्हणून तर दोन महिन्यांत गावाला आलो."