निकालाआधीचे पेढे

चूक माझीच. वरच्या मजल्यावरच्या जज्जबाईंचं नाव संघीय अपील कोर्टासाठी सुचवलं गेलंय, एवढं जिन्यात कानावर पडलं आणि त्याच संध्याकाळी मी दुधाच्या पावडरीच्या घरगुती पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा. "अभिनंदन!" बाईंचा चेहरा उतरला. इथे जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आदल्या दिवशी दिल्या तर अपशकुन मानतात. हायडेलबर्गमध्ये बारा वर्षं काढल्यावर मला हे ठाऊक होतं. पण बातमी कळल्यावर पेढे थांबतात होय?

"हेर साठे," त्या म्हणाल्या; हेर म्हणजे इथले श्रीयुत. "निवड समिती मार्चमध्ये बसणार आहे." डबा मात्र ठेवून घेतला.

बाईंना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. फोनवर बोलताना चालायच्या, निकालपत्र वाचताना चालायच्या. त्यांच्या येरझाऱ्या आमच्या छतावर वाजत. "आज खटला अवघड दिसतोय," बायको वर बघून म्हणायची.

त्यांची सुरुवात झाली खेड्यातल्या कोर्टात, शेजाऱ्याच्या अंगणात झुकलेल्या चेरीच्या झाडाच्या भांडणापासून. मग जिल्ह्याचं कोर्ट, मग राज्याचं. "झाड कुणाचं ते कागद सांगतो," त्या म्हणत, "भांडण का लागलं ते दोघांचं ऐकल्याशिवाय कळत नाही." जिन्यातही हाच कायदा. कचरा टाकायला जाताना मी बायकोची तक्रार केली रे केली, की प्रश्न येई, "बरं, आणि फ्राउ साठेंचं म्हणणं काय?" मला घरात जाऊन विचारून यावं लागे. बहुतेकदा मी खटला मागेच घेई.

मार्चमध्ये निवड झाली, दुसऱ्या कुणाची तरी. त्या संध्याकाळी बाईंनी अख्खा जिना झाडून काढला. झाडायची पाळी आमची होती.

मी चाचरत म्हणालो, "माझ्या पेढ्यांमुळेच..."

"पुरावा?" बाईंनी झाडू न थांबवता विचारलं.

पुढच्या वर्षी त्यांचं नाव पुन्हा गेलं. या वेळी बायकोने दुधाची पावडर लपवून ठेवली. निवडीच्या दिवशी वर त्या चालत होत्या, खाली मी. मग वरचा आवाज थांबला आणि आमची बेल वाजली. दारात बाई, हातात माझाच डबा.

"निवड झाली. नेमणुकीचं पत्र यायचंय, पण आज चालेल."

डब्यात सगळेच्या सगळे पेढे, वर्षभर फ्रीझरमध्ये राहून दगड झालेले. "निकालाआधी खाववेनात, आणि टाकवेनातही," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात आम्ही तिघांनी ते चोखून चोखून संपवले. तासभर बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. मी घड्याळ बघितलं होतं.

त्यांना मिळालेलं खंडपीठ निघालं दूरच्या लाइपझिग शहरातलं. जूनमध्ये सामानाचा ट्रक गेला. रात्रीची भांडी आवरताना मी म्हणालो, "चला, आता छत तरी शांत झालं."

बायकोने सवयीने वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "आता माझं म्हणणं कोण विचारणार तुम्हाला?"